पृष्ठ-खडबडीतपणाचे संगणकीय प्रतिमानीकरण

घर्षण व झीज यांच्या संगणकीय सदृशीकरणात (प्रत्यक्ष क्रियेची संगणकावर केलेली नक्कल) घन पृष्ठांवरील सूक्ष्म उंचसखलपणा गणिती रूपात मांडण्याची पद्धत. डोळ्याला गुळगुळीत दिसणारे धातूचे पृष्ठही सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असते, त्यामुळे दोन पृष्ठे एकमेकांवर टेकली म्हणजे ती सर्वत्र न टेकता मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. या प्रत्यक्ष स्पर्शक्षेत्रातूनच भार, उष्णता आणि विद्युत प्रवाह पलीकडे जातात, आणि झीजही तेथेच सुरू होते. मऊ पोलादाची कठिनता साधारण 2,000 न्यूटन प्रति चौ. मिमी. धरली, तर 100 न्यूटन भार पेलायला 0.05 चौ. मिमी. इतका स्पर्श पुरतो; ठोकळ्याचा तळ 1,000 चौ. मिमी. असेल, तर हा त्याचा वीस हजारावा भाग झाला. एवढासा भाग कोठे, किती तुकड्यांत आणि किती दाबाखाली आहे, हे सांगणे हे प्रतिमानाचे काम.

पूर्वपीठिका : खडबडीतपणा हेच घर्षणाचे कारण, ही समजूत जुनी आहे. गीयोम आमाँताँ (1699) आणि शार्ल कुलंब (1785) यांच्या विवेचनात घर्षण म्हणजे एका पृष्ठाचे उंचवटे दुसऱ्यावर चढताना पडणारे श्रम, असा आशय आहे. ऑयलर यांनी तर उंचवट्यांचा उतार हाच घर्षणांक मानला. जॉन लेस्ली यांनी 1804 मध्ये यातील उणीव दाखवली : चढताना खर्ची पडलेली ऊर्जा उतरताना परत मिळते, मग घर्षणात ती कायमची जाते कोठे? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर एफ. पी. बौडन आणि डेव्हिड टेबर यांच्या 1939 नंतरच्या कामातून मिळाले. स्पर्शबिंदूंवर धातू दबून एकमेकांना चिकटतात व सरकताना ते सांधे तुटतात. येथून खडबडीतपणाची भूमिका बदलली. घर्षणाचे थेट कारण म्हणून असलेले त्याचे स्थान गेले; स्पर्शक्षेत्र ठरवणारा घटक म्हणून त्याचा विचार होऊ लागला.

मापन : कारखान्यात प्रचलित असलेले आर-ए हे मान म्हणजे मध्यरेषेपासूनच्या विचलनांची, चिन्ह सोडून घेतलेली, सरासरी. सदृशीकरणाला ते अगदीच अपुरे पडते. पृष्ठ उलटे केले, म्हणजे शिखरांच्या जागी दऱ्या आणल्या, तरी आर-ए तेच राहते. स्पर्श मात्र पूर्ण बदलतो. इंजिनाच्या सिलिंडरची आतली बाजू होनिंग करून तयार करतात. आधी भरड दगडाने एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या चऱ्या पाडतात, मग बारीक दगडाने फक्त माथे उतरवतात. वर सपाट पठारे उरतात, खाली तेल धरून ठेवणाऱ्या चऱ्या. हे सारे एका सरासरीत मावत नाही. ॲबट व फायरस्टोन यांचा 1933 चा धारण-वक्र, म्हणजे प्रत्येक उंचीवर पृष्ठाचा किती भाग घन आहे हे दाखवणारा आलेख, या कामी अजूनही उपयोगी पडतो.

प्रोफाइलोमीटरच्या (पृष्ठावरून सुई फिरवून उंचसखलपणा मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. त्यात उभे वर्धन आडव्याच्या कितीतरी पट असते, म्हणून पृष्ठावर सुळके उभे असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात यंत्रणाने तयार केलेल्या पृष्ठावरील उतार बहुधा काही अंशांचेच असतात. शिवाय मापनसुईच्या टोकाची त्रिज्या सामान्यतः 2 मायक्रोमीटर किंवा अधिक असल्याने त्याहून अरुंद दरीत ती उतरतच नाही. संगणकात शिरणारा खडबडीतपणा असा आधीच गाळून आलेला असतो.

उंचवट्यांची प्रतिमाने : जे. ए. ग्रीनवुड आणि जे. बी. पी. विल्यम्सन यांचे 1966 चे प्रतिमान हा या विषयातील मैलाचा दगड होय. सर्व उंचवट्यांचे माथे एकाच त्रिज्येचे, त्यांच्या उंच्या प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणानुसार, आणि प्रत्येक माथ्यावर हर्ट्‌झ यांचा 1882 चा, गोल पृष्ठावरील भार व स्पर्शक्षेत्र यांचा संबंध सांगणारा स्पर्शनियम लागू, अशी त्याची मांडणी आहे. भार वाढला की टेकणाऱ्या माथ्यांची संख्या वाढते, त्यांचा सरासरी आकार मात्र जवळजवळ तोच राहतो. त्यामुळे स्थितिस्थापक स्पर्शातही क्षेत्र भाराच्या प्रमाणात वाढते. पी. आर. नायक यांनी 1971 मध्ये, समुद्रलाटांसाठी लाँगेट-हिगिन्स यांनी विकसित केलेले यादृच्छिक पृष्ठांचे गणित येथे आणले व माथ्यांची वक्रता, घनता ही माने वर्णपटाच्या (कोणत्या तरंगलांबीचा उंचसखलपणा किती, याच्या मांडणीच्या) परिबलांवरून, म्हणजे त्यातून काढलेल्या भारित बेरजांवरून, काढता येऊ लागली.

तथापि ‘उंचवटा’ म्हणजे नेमके काय, हा वाद येथेच आहे. जे. एफ. आर्चर्ड यांनी 1957 मध्येच उंचवट्यांवर लहान उंचवटे, त्यांवर आणखी लहान, अशी रचना कल्पिली होती. गुळगुळीत गोलाचे स्पर्शक्षेत्र भाराच्या 2/3 घाताने वाढते. त्यावर एक थर चढवला की घात 8/9 होतो, आणखी एक चढवला की 26/27. थर वाढवत जावे तसे क्षेत्र भाराच्या सम प्रमाणाकडे सरकते, त्यासाठी उंच्यांचे विशिष्ट वितरण गृहीत धरावे लागत नाही. याउलट, छेदरेषेवर शेजारच्या दोन बिंदूंहून उंच असलेला बिंदू तो उंचवटा, ही व्याख्या घेतली, तर बिंदूंमधील अंतर कमी करताच उंचवट्यांची संख्या व त्रिज्या दोन्ही बदलतात. 2001 मध्ये स्वतः ग्रीनवुड यांनी जे. जे. वू यांच्यासह ही व्याख्या चुकीची असल्याचे आणि आर्चर्ड यांची कल्पना मूलतः बरोबर असल्याचे मान्य केले. आपल्याच सर्वाधिक गाजलेल्या कामाविषयी इतक्या मोकळेपणाने लिहिणे शास्त्रात विरळाच. जुने प्रतिमान सुटसुटीत असल्याने आजही वापरात आहे. पण त्यातील त्रिज्येला पृष्ठाचा गुणधर्म समजू नये.

वर्णपटाधारित प्रतिमाने : सेल्स व टॉमस यांनी 1978 मध्ये अनेक पृष्ठांचा खडबडीतपणा मोजलेल्या लांबीबरोबर वाढत जातो, असे दाखवले. पुढे स्व-सदृश, म्हणजे फ्रॅक्टल, पृष्ठांची भाषा रूढ झाली. बो पेर्सन यांचा 2001 चा सिद्धांत उंचवटा ही कल्पनाच सोडून देतो : वर्धन पायरीपायरीने वाढवत गेले असता दाबाचे वितरण कसे पसरत जाते, एवढेच तो पाहतो. हलक्या भाराखाली स्पर्शक्षेत्राचे प्रमाण हे दाब भागिले स्थितिस्थापकता गुणांक व वर्गमाध्यमूळ उतार (उतारांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) यांचा गुणाकार, याच्या काही पट येते. ही पट बुश, गिब्सन व टॉमस (1975) यांच्या उंचवटा-सिद्धांतानुसार सुमारे 2.5, पेर्सन यांच्यानुसार सुमारे 1.6; संख्यात्मक गणनेची उत्तरे या दोहोंच्या मध्ये, साधारण 2 च्या आसपास पडतात. पट कोणतीही धरली, तरी या भागाकाराच्या छेदातला उतार सर्वांत लहान तरंगलांबीवर अवलंबून असतो, आणि ती कोठे तोडायची हे गणना करणाराच ठरवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी अनिश्चितता या निवडीत आहे; सिद्धांतांमधील फरक त्यापुढे लहान आहे.

गणनापद्धती : मोजलेले पृष्ठ उपलब्ध नसेल, तर इच्छित वर्णपट घेऊन त्यातील प्रत्येक तरंगाला यादृच्छिक कला (तरंगाची सुरुवातीची स्थिती) देतात व शीघ्र फूर्ये रूपांतराने, म्हणजे तरंगांची झटपट बेरीज करणाऱ्या गणनारीतीने, पृष्ठ उभे करतात. असे पृष्ठ वरखाली सारखेच असते. होनिंग केलेल्या सिलिंडरची पठारे व चऱ्या त्यातून उमटत नाहीत, कारण ती माहिती कलांमध्ये दडलेली असते. स्पर्शगणनेसाठी बहुधा सीमा घटक पद्धत वापरतात. तीत फक्त पृष्ठाचीच जाळी लागते, आतल्या घनाची लागत नाही. एवढे करूनही, 1 मिमी. बाजूच्या चौरसासाठी 1 मायक्रोमीटर अंतराने दहा लाख बिंदू लागतात, तर 1 नॅनोमीटर अंतराने एक लाख कोटी. मार्टिन म्यूझर यांच्या पुढाकाराने एकच पृष्ठ अनेक गटांना देऊन उत्तरे पडताळण्यात आली (2017). या पडताळणीत सूक्ष्म जाळीवरील गणना एकमेकींशी चांगल्या जुळल्या. वंगणयुक्त स्पर्शात पातीर व चेंग (1978) यांचे सरासरी प्रवाहाचे गुणक, म्हणजे खडबडीतपणामुळे वंगणाच्या प्रवाहात पडणारा फरक सांगणारे आकडे, रूढ आहेत.

झीज : येथे प्रगती मंद आहे. आर्चर्ड यांच्या 1953 च्या नियमानुसार झिजलेले घनफळ भार व सरकलेले अंतर यांच्या सम, तर कठिनतेच्या व्यस्त प्रमाणात असते. सदृशीकरणात हा नियम प्रत्येक बिंदूला लावतात, उंची तेवढी घटवतात व दाब पुन्हा काढतात. त्यातील गुणांक मात्र प्रयोगावरूनच घ्यावा लागतो आणि पदार्थ व वंगण यांनुसार तो कित्येक दशपटींनी बदलतो. शिवाय या रीतीने माथे फक्त घासले जातात व पृष्ठ गुळगुळीतच होत जाते. प्रत्यक्षात नवा खडबडीतपणाही निर्माण होतो. अघाबाबाई, वॉर्नर व मोलिनारी यांनी 2016 मध्ये संगणकीय गणनेने दाखवले की एका विशिष्ट लांबीहून लहान सांधे दबून सपाट होतात, तर मोठे सांधे तुटून त्यांचे कण सुटतात. अशा सुटलेल्या कणांचे पुढे काय होते, ते पुन्हा पृष्ठाला चिकटतात की दोन पृष्ठांत अडकून ओरखडे पाडतात, हे खडबडीत पृष्ठाच्या पूर्ण सदृशीकरणात आणण्याचे काम अद्याप सुरू आहे.