पार्श्वभूमी : मायाजालाचे चित्रपट आणि हुकलेला प्रश्न

पणजीत जुन्या सचिवालयाला लागून आबे फारिया यांचा पुतळा आहे. झगा घातलेला माणूस, पुढे ताणलेले हात, आणि त्या हातांखाली मागे कलंडत चाललेली एक बाई. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ सालचा. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सुरू झाली की गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसे कदंब बसस्थानकावरून मांडवीच्या काठाकाठाने आयनॉक्स चित्रपटगृहाकडे निघतात आणि याच पुतळ्यावरून पुढे जातात. बघणाऱ्याला वाटते, त्या बाईचा ताबा त्या माणसाकडे आहे. स्वतः फारिया मात्र नेमके याच्या उलट सांगत होते.

‘हे जग खोटे आहे, आपल्याला कुणीतरी चालवते आहे’ या कल्पनेवरचे विज्ञानपट मी गेली पंचवीस वर्षे मिळेल तिथे बघत आलो आहे. त्यातल्या बहुतेकांनी निराशा केली. सुरुवात अशी की अंगावर काटा यावा, आणि शेवट मात्र बंदुका, धावपळ, चुंबन. असे का होते याचा माग घेत मागे गेलो, तेव्हा वाट फिरून आपल्याच या पुतळ्यापाशी आली.

फारिया कांदोळीचे. जन्म १७५६ चा. लहानपणीच वडिलांबरोबर लिस्बनला गेले, रोममध्ये शिकून पाद्री झाले, पुढे फ्रान्समध्ये स्थिरावले. त्या काळी युरोपात मेस्मर या वैद्याचा बोलबाला होता. माणसाच्या अंगातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि जाणकार माणूस तो दुसऱ्याच्या अंगात सोडू शकतो, असे मेस्मर सांगे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. असा द्रव कुठेच नाही, जे घडते ते कल्पनाशक्तीने, असा निर्वाळा समितीने दिला आणि प्रकरण मिटवले. पण कल्पनाशक्तीने घडते म्हणजे नक्की काय घडते, हे विचारायचे राहूनच गेले.

तो धागा फारियांनी उचलला. १८१३ पासून ते पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागले. समोरच्याला खुर्चीत बसवायचे, डोळे मिटून मन एकाग्र करायला सांगायचे, आणि मग खणखणीत आवाजात एकच आज्ञा द्यायची : झोपा! काही जण खरोखरच झोपत आणि झोपेत बोलत. लोक म्हणत, या काळ्या पाद्र्याच्या डोळ्यांत जादू आहे. फारिया म्हणत, माझ्यात काहीच नाही. झोप येते ती झोपणाऱ्याच्या मनातून. त्याच्या मनाने साथ दिली नाही, तर मी कितीही ओरडलो तरी काही होणार नाही. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन त्यांची फजिती केली असे सांगतात. १८१६ साली तर पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टर उडवणारे नाटकच आले. १८१९ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी ते वारले. ‘सगळी भाजी, कातर रे भाजी’ (समोरचे सगळे नुसती भाजी, घाबरू नकोस) ही वडिलांनी पोराला धीर द्यायला म्हटलेली कोकणी ओळ गोव्यात पोराटोरांना ठाऊक असते. त्या पोराने मोठेपणी काय शोधून काढले, ते मात्र आपल्याकडेही फारसे कुणी सांगत नाही.

लोकांच्या डोक्यात राहिला तो जादूगार. हात पुढे करणारा, दुसऱ्याला चालवणारा. सिनेमाने उचलला तोही हाच. १९२० साली जर्मनीत ‘डॉ. कॅलिगारीचे कॅबिनेट’ आला. जत्रेत तंबू ठोकणारा डॉक्टर, त्याने झोपेत ठेवलेला चेझारे, आणि त्याच्याकरवी करवलेले खून. भिंती वाकड्या, सावल्या रंगवलेल्या. शेवटी कळते की ही हकीकत सांगणारा तरुणच वेड्यांच्या इस्पितळात आहे. ही चौकट कुणी घातली यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. लेखकांच्या मनाविरुद्ध ती लादली गेली असे बरीच वर्षे मानले जाई. पुढे मूळ संहिता मिळाली आणि एक वेगळी चौकट तीतही असल्याचे दिसले. कुणीही घातलेली असो, परिणाम एकच झाला. झोपेत चालणाऱ्या चेझारेच्या मनात काय चालले होते, हे विचारायची गरजच संपली. सगळा वेडाचा खेळ ठरला. पुढे शंभर वर्षे या जातीचे चित्रपट ज्या जागी घसरले, ती जागा इथेच तयार झाली.

यंत्र आले ते नंतर. १९६४ साली डॅनियल गॅलूय या अमेरिकी लेखकाने ‘सिम्युलॅक्रॉन-३’ ही कादंबरी लिहिली. तीत संगणकात एक अख्खे शहर वसवले जाते. कशासाठी, तर बाजारपेठेचा कौल घ्यायला! खऱ्या माणसांची दारे ठोठावत फिरण्यापेक्षा खोटी माणसे तयार करायची आणि त्यांना काय आवडते ते बघायचे. आपला प्रत्येक अंगठा आणि प्रत्येक क्लिक मोजला जात असताना हे वाचले की सुन्न व्हायला होते. फासबिंडर या जर्मन दिग्दर्शकाने १९७३ साली जर्मन दूरचित्रवाणीसाठी यावर दोन भागांचा चित्रपट केला, तीन तासांहून मोठा. आरसे, काचा, पुन्हा आरसे. माणसे बोलता बोलता मध्येच थबकतात आणि आपल्याला वाटते, यांना कुणी थांबवले? या संपूर्ण परंपरेत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो हा चित्रपट. त्याच कादंबरीवर १९९९ साली हॉलिवुडने ‘द थर्टीन्थ फ्लोअर’ काढला. त्यात एक माणूस गाडी हाकत रस्ता संपेपर्यंत जातो आणि पुढे डोंगरांच्या जागी नुसत्या हिरव्या रेघा दिसतात. हा प्रसंग विसरता येत नाही. बाकी चित्रपट खुनाच्या तपासात आणि प्रेमप्रकरणात विरघळून जातो.

दुसरा झरा फिलिप के. डिक यांचा. हा माणूस १९५० च्या दशकात स्वस्त मासिकांत धडाधड कथा लिहीत होता आणि आयुष्यभर एकाच प्रश्नाने पछाडलेला होता : खरे काय, आणि माणूस कोण? १९७७ साली फ्रान्समधल्या मेट्झ शहरात त्यांनी भाषण केले आणि आपले जग संगणकाने रचलेले आहे, असे अगदी गंभीरपणे सांगितले. १९८२ च्या मार्चमध्ये ते गेले. त्यांच्या कादंबरीवरचा ‘ब्लेड रनर’ त्याच वर्षी जूनमध्ये लागला.

डिक यांच्या कथांचे पडद्यावर काय होते, हे दोन उदाहरणांतून बघण्यासारखे आहे. १९५४ च्या एका कथेत जगाची मांडणी बदलणारी एक तुकडी असते. एका कुत्र्याने ठरल्या वेळी भुंकायचे असते, ते उशिरा भुंकते, आणि तेवढ्याने एक कारकून चुकीच्या वेळी ऑफिसात पोचतो. तिथे भिंती, टेबले, माणसे, सगळ्याची राखाडी धूळ झालेली असते. हे कुणाला सांगणार नाही, असा शब्द देऊन तो सुटतो. एवढीच कथा. तिच्यावर २०११ साली ‘द अ‍ॅडजस्टमेंट ब्युरो’ आला. कारकुनाचा राजकारणी झाला, एक नर्तिका आली, टोप्या घातलेले विधिलिखिताचे अधिकारी आले. दोघांचे प्रेम इतके खरे निघते की वरचे साहेब आपला आराखडाच बदलून टाकतात. म्हणजे इच्छास्वातंत्र्य मिळाले ते बक्षीस म्हणून, वरिष्ठांच्या सहीने! जे दुसऱ्याने मंजूर करावे लागते त्याला स्वातंत्र्य कसे म्हणायचे, हा प्रश्न चित्रपटाला शिवतही नाही. मला तो बघताना खरोखर वाईट वाटले, कारण पहिला पाऊण तास त्याने फार आशा लावली होती.

‘मायनॉरिटी रिपोर्ट’ (२००२) हा चांगला चित्रपट आहे, पण तोही मोक्याच्या जागी सैल पडतो. डिक यांच्या १९५६ च्या मूळ कथेत खून होण्याआधीच खुनी पकडणारी एक यंत्रणा असते, आणि नायक खून करणार का याबद्दल तीन भाकिते असतात. दुसरे भाकीत पहिले कळल्यावर काय होईल ते सांगते, तिसरे दुसरे कळल्यावर. आपले भविष्य आपल्याला कळले की तेच बदलते. निवडीचा खरा पेच तो हा. कथेतला नायक शेवटी, ती यंत्रणा वाचावी म्हणून, जाणूनबुजून खून करतो. चित्रपटात हा पेच गेला. वरिष्ठाचे कारस्थान आले आणि यंत्रणेला टाळे लागले.

१९९८ च्या ‘डार्क सिटी’चे दुखणे निराळे. रोज मध्यरात्री शहर थांबते, इमारती वाढतात, आकसतात, माणसांच्या आठवणी बदलल्या जातात. आठवणी बदलल्या तर माणूस तोच राहतो का? विषय जबर होता. पण प्रेक्षकांना कळणार नाही या भीतीने स्टुडिओने सुरुवातीलाच एक निवेदन घालायला लावले आणि सगळे गुपित पहिल्याच मिनिटाला फोडले. दिग्दर्शक अलेक्स प्रोयास यांनी २००८ च्या आवृत्तीत ते काढून टाकले. ‘ब्लेड रनर’वरही असेच निवेदन लादले होते, ते १९९२ मध्ये गेले. निवेदन काढता आले, पण ‘डार्क सिटी’चा शेवट तसाच राहिला : हवेत तरंगणारे दोघे आणि नजरेच्या जोरावर चाललेली मारामारी.

या चित्रपटाचे काही सेट सिडनीत तसेच उभे होते. तिथेच ‘द मेट्रिक्स’चे चित्रीकरण झाले. मार्च १९९९ मध्ये तो अमेरिकेत लागला आणि या कल्पनेला जगभर तोंड फुटले. नायक ज्या पोकळ पुस्तकात चोरटा माल लपवतो ते बोद्रिआर या फ्रेंच विचारवंताचे आहे. बोद्रिआरने मात्र २००३ साली स्पष्ट सांगितले की या मंडळींनी माझा प्रश्न आणि प्लेटोचा जुना भ्रमाचा प्रश्न यांची गल्लत केली आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात दुसरा भाग आला. त्यात ते खोटे जग रचणारा, पांढऱ्या दाढीचा आर्किटेक्ट पडद्यांच्या भिंतीसमोर बसून नायकाला सगळे उलगडून सांगतो. पहिले खोटे जग निर्दोष होते, ते कोसळले. मग उपाय सापडला : माणसांना निवड द्यायची, भले ती त्यांना जेमतेम जाणवणारी असो. तेव्हा जवळजवळ ९९ टक्के लोकांनी ते जग स्वीकारले. हे वाक्य ऐकताना मला कांदोळीचे फारिया आठवले. झोपणाऱ्याची संमती नसेल तर झोप येत नाही! या मालिकेतला सगळ्यांत खोल विचार हाच, आणि तो लांबलचक, बोजड बोलण्यात पुरला गेला. माणसे होकार का देतात? काढून घेता येईल का तो? यावर एक प्रसंग नाही. नायकासमोर दोन दारे येतात, तो प्रेयसीचे दार निवडतो आणि उडून जातो.

नोव्हेंबरात तिसरा भाग आला तेव्हा आम्ही चौघे डिचोलीहून पणजीला गेलो होतो. अर्ध्याहून अधिक वेळ तोफा आणि यंत्रांचे थवे, मग पावसातली मारामारी. कुणी काही बोलत नव्हते. नामावली सुरू झाली, दिवे लागले, लोक उठून चपला शोधू लागले, आणि ध्वनिवर्धकातून शब्द आले : असतो मा सद्गमय, तमसो मा ज्योतिर्गमय. शाळेत ज्या ओळी म्हणत मोठा झालो, त्या ओळी. मी उभाच राहिलो. पावसातल्या त्या मारामारीच्या संगीतातही हेच शब्द होते, हे मला पुष्कळ नंतर कळले. शब्द तोलामोलाचे घेतले, पण अडीच हजार वर्षे ते ज्या प्रश्नाला धरून आहेत, त्या प्रश्नापाशी चित्रपट थांबलाच नाही. दुसऱ्या भागाने जगभर सुमारे ७४ कोटी डॉलर मिळवले होते, तिसरा सुमारे ४३ कोटींवर थांबला. चौथा भाग २०२१ चा. त्यात मागच्या भागांच्या आठवणीच जास्त.

प्रयोगशाळेत या काळात काय चालले होते, तेही थोडक्यात सांगायला हवे. १९८३ साली मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेट यांनी माणसांना घड्याळासारख्या तबकडीपुढे बसवून, वाटेल तेव्हा मनगट हलवायला सांगितले. हलवावेसे वाटल्याची जाणीव हालचालीच्या सुमारे पाव सेकंद आधी होई, पण मेंदूत हालचालीची तयारी अर्धा सेकंद आधीच सुरू झालेली असे. म्हणजे इच्छा आपली नव्हेच, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. लिबेट यांनी स्वतः तो काढला नाही. शेवटच्या क्षणी नको म्हणायचा अधिकार माणसाकडे उरतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे या प्रयोगाच्या अर्थावर बरेच आक्षेप आले, वाद अजून चालू आहे. त्या पाव सेकंदावर कुणी चित्रपट केला असता तर!

गीतेच्या अठराव्या अध्यायात दोन श्लोक जवळजवळ आहेत. ६१ व्या श्लोकात ईश्वर सर्व भूतांना मायेने फिरवतो, जणू यंत्रावर चढवलेली : ‘यन्त्रारूढानि मायया’. शंकराचार्यांनी तिथे लाकडी बाहुल्यांचा दाखला दिला आहे. आणि लगेच ६३ व्या श्लोकात, सगळे सांगून झाल्यावर, तोच कृष्ण म्हणतो : ‘यथेच्छसि तथा कुरु’. तुला हवे तसे कर. मधे एकच श्लोक. या दोन श्लोकांतले अंतर कुणी तोडून टाकले नाही, टीकाकार शतकानुशतके त्यातच बसून आहेत. चित्रपटांनी ६१ वा श्लोक उचलला आणि ६३ व्याच्या जागी मारामारी घातली.

पेडण्याच्या बाजूला जत्रेत दशावतारी नाटक बसून बघितलेल्या माणसाला हे कळायला ग्रंथ लागत नाहीत. तिथे लिहिलेली संहिता नसते. आज कुठले आख्यान ते ठरते, कोण राजा, कोण राक्षस, कोण नारद ते ठरते, शेवटी राक्षस मरणार हेही ठरलेले असते. बोलायचे काय, ते ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. एका वर्षी मी रंगपटाच्या अगदी कडेला बसलो होतो. चादर टाकलेले एक बाक, तेच सिंहासन, तेच अरण्य. राक्षस झालेला नट विडी विझवून, मुकुट सारखा करून आत शिरला. हार्मोनियमवाल्याने सूर धरला. राजाने नीतीची दोन वाक्ये टाकली. राक्षसाने त्यातले एक पकडले आणि असा उलटा प्रश्न केला की राजाला घाम फुटला. तो पुढे सरसावला, मागे आला, मृदंगवाल्याकडे बघून पुन्हा फिरला. लोक पुढे सरकून ऐकू लागले. म्हाताऱ्या बायका मान डोलवत होत्या, त्याही राक्षसाच्या बाजूने. मरण आख्यानात लिहिलेले होते आणि ते त्याला ठाऊक होते. तरी त्याने राजाला सुखासुखी जिंकू दिले नाही. तो पडला तेव्हा पूर्वेला फटफटले होते.