जुन्या ट्रकच्या काचेचं रबर बदलताना

1954 ते 1969 या काळातल्या टाटा-मर्सिडीज ट्रकची पुष्कळदा फक्त चॅसिस (सांगाडा) आणि काउल (बॉनेट-डॅशबोर्डचा पुढचा भाग) विकत घेतली जाई. केबिन ठिकठिकाणचे बॉडी-बिल्डर बांधत. त्यामुळे रबर बनवणाऱ्याला नुसतं मॉडेल सांगून रबर बसेलच असं नाही. त्याला काचेची जाडी, पत्र्याच्या कडेची जाडी आणि काचेचा पूर्ण घेर कळवा. पत्रा चार ठिकाणी मोजा. जुन्या रबराचा तुकडा जरूर पाठवा. त्यावरून घडण (छेदाचा आकार) कळते, माप मात्र नाही, कारण रबर आक्रसलेलं असतं.

जुनं रबर ओढून काढू नका, काच तडकते. रबराची बाहेरची कड सुरीने कापली की काच सहज सुटते. मग खालचे दोन कोपरे नीट पाहा. पाणी तिथेच साचतं आणि पत्रा तिथेच कुजतो. कुजक्या कडेवर कितीही चांगलं रबर बसवा, पहिल्या पावसात गळणारच. गंज तारेच्या ब्रशने काढा, भोकं असतील तर डेंटरकडून पत्रा जोडून घ्या, प्रायमर आणि रंग पूर्ण वाळू द्या.

रबर आधी काचेवर चढवा. घेरापेक्षा साधारण एक टक्का जास्त लांबी ठेवा आणि टोकं दाबून जुळवा. ताणून बसवलेलं रबर पुढे आखडतं नि सांधा उघडतो. सांधा कोपऱ्यात कधीही नको.

रबराच्या ज्या खाचेत पत्रा बसतो तिच्यात 5-6 मिमी नायलॉनची दोरी फिरवा. दोन्ही टोकं खाली मधोमध, वीतभर एकमेकांवरून नेऊन केबिनच्या आत सोडा. खाचेला साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) त्याने फुगतं. काच चौकटीला टेकवून एकाने बाहेरून तळहाताने दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी काचेच्या मध्याकडे हळूहळू ओढायची. लॉकिंग पट्टी (रबर घट्ट करणारी वेगळी पट्टी) असेल तर ती सगळ्यात शेवटी.

रबराच्या बाहेरच्या कडेखाली न वाळणारं मॅस्टिक (फटी बुजवायचा चिकट मसाला) भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं, ते टाळा. तपासताना पाण्याची बारीक धार खालून वर न्या, म्हणजे गळती नेमकी कुठून हे कळतं.

दाराची रबरी पट्टी बदलण्याआधी बिजागरीची पिन पाहा. दार खाली उतरलेलं असेल तर जाड पट्टी लावून फट बुजत नाही, उलट कुलूप लागत नाही. पट्टी चिकटवल्यावर दारात कागद धरून दार लावा. कागद सगळीकडे सारखा अडखळत निघाला पाहिजे. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा, ती बुजली की दार आतून सडतं.