केंटो मोमोटाला एकाची दोन शटल दिसू लागली तेव्हा

१२ जानेवारी २०२० रोजी जपानचा बॅडमिंटनपटू केंटो मोमोटा याने क्वालालंपूरमध्ये व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनला २४-२२, २१-११ असं हरवून मलेशिया मास्टर्स जिंकली. दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळाकडे निघालेली त्याची व्हॅन एका लॉरीवर आदळली. व्हॅनच्या चालकाचा मृत्यू झाला. मोमोटाचं नाक मोडलं, चेहऱ्यावर खोल जखमा झाल्या. त्या भरून आल्यावर फेब्रुवारीत तो जपानमध्ये सरावाला उतरला आणि त्याला एकाची दोन शटल दिसू लागली. पुन्हा तपासणी झाली. उजव्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलेलं निघालं.

हा घाव दुसऱ्या कुणावर झाला असता तरी वाईटच. पण मोमोटाच्या खेळाचा प्राणच नजरेत होता. २०१९मध्ये त्याने एका वर्षात ११ विजेतेपदं मिळवली होती, पुरुष एकेरीतला तो विक्रम गिनीजने नोंदवला. बासेलच्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत आपल्या साई प्रणीतला आणि अंतिम फेरीत अँडर्स अँटॉनसनला (२१-९, २१-३) त्याने हरवलं, तेही धडाकेबाज स्मॅशच्या जोरावर नव्हे. हा डावखुरा खेळाडू शटल नेटला जवळजवळ घासून पलीकडे टाकायचा, समोरच्याला पुढे खेचायचा आणि मग मागच्या कोपऱ्यात पाठवायचा.

हे किती अवघड आहे ते शटलच्या स्वभावात आहे. सोळा पिसं आणि बुचाचं डोकं मिळून वजन जेमतेम पाच ग्रॅम. हवा त्याला इतकी अडवते, की साधारण दर सव्वातीन मीटरला त्याचा वेग निम्मा होतो. सात्विकसाईराज रंकीरेड्डीने २०२३मध्ये जपानमधल्या चाचणीत ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारला. पण तो वेग रॅकेटवरून सुटतानाचा. आणि उंच मारलेलं शटल खाली येताना ताशी २४-२५ किलोमीटरच्या पुढे जातच नाही. एकाच रॅलीत इतका वेगळा वेग सांभाळायचा, तर शटल कुठे आहे आणि केव्हा पोचेल याचा अंदाज क्षणोक्षणी बदलावा लागतो. नेटजवळ तर दोन-तीन सेंटिमीटरची चूक म्हणजे गुण गेला.

या अंदाजाचा मोठा भाग दोन डोळ्यांच्या जोडीतून येतो. दोघांमध्ये सुमारे सहा सेंटिमीटर अंतर असल्याने प्रत्येकाला किंचित वेगळं चित्र दिसतं. मेंदू ती दोन चित्रं एकात मिसळतो आणि फरकावरून खोली ओळखतो. त्यासाठी दोन्ही डोळे अचूक एकाच ठिकाणी रोखले जावे लागतात. प्रत्येक डोळा फिरवायला सहा छोटे स्नायू आहेत. खोबणीचा तळ काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. तो मोडला तर डोळ्याखालचा स्नायू किंवा त्याभोवतीची चरबी फटीत अडकू शकते आणि डोळा वर फिरेनासा होतो. आडव्या दिशेने डोळे थोडे सरकले तर मेंदू बरंच सांभाळून घेतो, मात्र उभ्या दिशेने एक-दोन अंशांचा फरकही त्याला जड जातो. बॅडमिंटनमध्ये तर नजर सारखी वरच लागते!

मोमोटाच्या डोळ्यावर ८ फेब्रुवारीला शस्त्रक्रिया झाली. अशी शस्त्रक्रिया मोडलेला तळ सावरते, अडकलेला भाग सोडवते. पण सूज आणि व्रण यांमुळे काहींना विशिष्ट दिशेने पाहताना दुहेरी दिसणं राहतं.

तो परतला, हे मला फार मोठं वाटतं. संकटं त्याला नवी नव्हती. तो शिकत होता ती तोमिओकाची शाळा फुकुशिमाच्या अणुप्रकल्पापासून जवळच. २०११च्या भूकंपानंतर ती इनावाशिरोला हलवावी लागली. २०१६मध्ये बेकायदा जुगारामुळे त्याच्यावर बंदी आली, रिओ ऑलिंपिक हुकलं. ती चूक त्याची स्वतःची होती. तिथून उठून तो २०१८मध्ये नानजिंगला विश्वविजेता झाला होता. आता अपघातानंतर डिसेंबर २०२०मध्ये त्याने जपानची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

टोकियो ऑलिंपिकमध्ये मात्र अग्रमानांकित मोमोटा गटातच कोरियाच्या हिओ क्वांग-हीकडून १५-२१, १९-२१ असा हरला. याचा सगळा दोष डोळ्याला देता येणार नाही. अपघातानंतर वर्षाहून अधिक काळ तो आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता, मध्ये त्याला कोरोनाही झाला आणि प्रतिस्पर्धी पुढे गेले होते. नोव्हेंबर २०२१मध्ये बालीत त्याने अँटॉनसनलाच हरवून इंडोनेशिया मास्टर्स जिंकली, तेव्हा जुना मोमोटा दिसला. पण ते टिकलं नाही. २०२२च्या जागतिक स्पर्धेत, तीही टोकियोतच, एच. एस. प्रणॉयने त्याला पहिल्यांदा हरवलं.

एप्रिल २०२४मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली. अपघातानंतर शटल दुहेरी दिसायचं, शरीर मनासारखं हलत नव्हतं, असं त्याने तेव्हा सांगितलं. त्यानंतर तो चेंगडूला गेला, जपानच्या संघासोबत आपल्या शेवटच्या थॉमस चषकासाठी, म्हणजे पुरुषांच्या जागतिक सांघिक स्पर्धेसाठी. दहा वर्षांपूर्वी हाच चषक जपानने पहिल्यांदा जिंकला, तेव्हा एकोणीस वर्षांचा मोमोटा त्या स्पर्धेत एकही सामना हरला नव्हता.