काचेच्या नळीतली वीस मिनिटं

कोकणात रात्री सापाचं नाव घेत नाहीत. ‘जनावर’ म्हणतात, आणि चावला तर ‘पान लागलं’. रत्नागिरीच्या सड्यावर पान लागलं की पहिला संशय फुरशाचा.

फुरसं जेमतेम हातभर. अंग मातकट, डोक्यावर बाणाच्या टोकासारखी फिकट खूण. दिवसा चिऱ्याखाली, गडग्याच्या सांदीत पडून असतं. डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासतं आणि कुशीवरच्या दातेरी खवल्यांतून करवत चालवल्यासारखी खरखर येते. ती ऐकू आली तर आहात तिथून मागे सरा.

नागाचं विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं. मण्यार रात्री झोपेत चावते, पुष्कळदा दंशाची जागाही सापडत नाही. फुरशाचं विष मात्र रक्तावर जातं. त्यातलं एकारिन रक्त गोठवणारी यंत्रणा अंगभर चालू करतं. त्यात गोठायला लागणारं फायब्रिनोजेन संपून जातं, आणि मग खरी जखम झाली तरी रक्त थांबत नाही. हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं, कधी मेंदूतही उतरतं.

मला सगळ्यात भीती वाटते ती मधल्या वेळेची. पाय थोडा सुजलेला, माणूस चालतो-बोलतो, ‘बारकंसं तर किरडू होतं’ म्हणून पुन्हा गवत कापायला जातो. आत रक्त पातळ होत असतं.

हे ओळखायला दवाखान्यात फार काही लागत नाही. 2 मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि 20 मिनिटं हात न लावता उभं ठेवतात. मग नळी हळूच तिरपी करतात. एरवी रक्ताचा गोळा जागचा हलत नाही. विष भिनलं असेल तर रक्त पाण्यासारखं ओघळतं. नळी काचेचीच हवी, कारण काचेला लागूनच गोठणं सुरू होतं. प्लास्टिकच्या नळीत निदान चुकतं.

म्हणूनच ब्लेडने चिरा पाडणं, आवळून दोरी बांधणं नको. गोठत नसलेल्या रक्ताला आपणच वाट करून द्यायची? पाय न हलवता, माणसाला न चालवता गाडीत घालून न्यायचं.

घोड्यांच्या रक्तापासून बनणारी आपली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते. बांबूच्या बेटातल्या हिरव्या चापड्यावर नाही. लस दिल्यावर 6 तासांनी नळी पुन्हा लावतात. गोठवणारे घटक नव्याने बनवायला यकृताला तेवढा वेळ लागतो. तेव्हाही रक्त ओघळलं, तर पुढचा डोस.