मेस्मा

महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण अधिनियमाचे रूढ झालेले नाव. रुग्णालये, वीज, पाणीपुरवठा, प्रवासी वाहतूक अशा सेवांमधल्या संपाला मनाई करण्याचा अधिकार हा कायदा राज्य सरकारला देतो. केंद्राने असा कायदा १९६८ मध्ये आणला, तो केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९ सप्टेंबरच्या संपाच्या तोंडावर अध्यादेश काढून. राज्याचा सध्याचा कायदा २०२३ चा आहे.

कायदा आहे म्हणून संपबंदी आपोआप लागू होत नाही. सेवेचे नाव आणि मुदत देऊन सरकार आदेश काढते. त्यानंतर केलेला संप बेकायदेशीर ठरतो आणि पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. लोकांची अडवणूक होता कामा नये, हा सरकारचा युक्तिवाद कोणताही पक्ष सत्तेत असला तरी तोच राहिला आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ मधील रंगराजन निकालाचाही त्याला आधार मिळतो.

या भूमिकेची खरी कसोटी अंगणवाडीत लागली. २०१७ मध्ये सेविका आणि मदतनीस २६ दिवस संपावर होत्या. पुढे मार्च २०१८ मध्ये सरकारने त्यांना मेस्माखाली आणले. संपात बालकांचा आहार बंद पडतो, हे कारण दिले. ही काळजी खोटी नव्हती. पण ज्या बाईला सरकार मानसेवी म्हणते, पगार नव्हे तर मानधन देते, तिने बाळांची वजने घेणे आणि खिचडी शिजवणे थांबवले की ती अत्यावश्यक ठरते, हा अन्याय उघड होता. विरोधकांसह सत्तेतल्या शिवसेनेनेही विधानसभा दणाणून सोडली आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी निर्णयाला स्थगिती दिली.

२०२१ च्या एसटी संपात बाजू पालटल्या. शिवसेनेचे परिवहनमंत्री अनिल परब मेस्माचा इशारा देत होते आणि भाजपचे नेते आझाद मैदानात संपकऱ्यांसोबत बसले होते. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांच्या ७२ तासांच्या संपावर मेस्मा लावला गेला, पण संप मिटला तो त्याच दिवशी झालेल्या चर्चेत.

त्यानंतर १४ मार्च २०२३ रोजी, जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचारी संपावर गेले त्याच दिवशी, नवे मेस्मा विधेयक चर्चेविना मंजूर झाले. संप तरीही सात दिवस चालला. २० मार्चला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी बोलणी झाल्यावर कर्मचारी कामावर परतले.