रिटेस्टिंग आणि रिग्रेशन: गाठ बघायची की अख्खी चादर?

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरहून पुण्याला सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या मुलाखतीला निघालेली ओळखीची पोरं-पोरी आदल्या रात्री मला फोन करतात. प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला: रिटेस्टिंग आणि रिग्रेशन टेस्टिंग यांत फरक काय? व्याख्या त्यांना पाठ असते. दुरुस्त केलेला बग (सॉफ्टवेअरमधली चूक) खरंच गेला का, हे तपासणं म्हणजे रिटेस्टिंग. ती दुरुस्ती करताना आधी चालत असलेलं काही मोडलं नाही ना, हे तपासणं म्हणजे रिग्रेशन. बरोबर आहे. पण ही व्याख्या मलाही पाठ होती, आणि तरीही २०२५ च्या नवरात्रात मी एक करून दुसरं केल्याचं लिहून मोकळी झाले.

काम होतं इथल्याच एका चादर-टॉवेल कारखान्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरचं. जीएसटी परिषदेनं ३ सप्टेंबरला नवे दर जाहीर केले आणि ते २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमके घटस्थापनेपासून, लागू होणार होते. तोवर चादर, टॉवेल, बेडशीट यांना नगामागे १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. नव्या दरात २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. यातला ‘पर्यंत’ हा शब्द आमच्या प्रोग्रामरच्या नजरेतून निसटला. त्यानं ‘२,५०० पेक्षा कमी’ असं लिहिलं. त्यामुळे बरोबर २,५०० रुपयांच्या चादरीवर १२५ रुपयांऐवजी ४५० रुपये कर लागायला लागला.

हा बग मी पकडला. त्यात फार हुशारी नव्हती. जिथं नियम बदलतो त्या काठावर आणि काठाच्या दोन्ही बाजूंना बघायचं, ही टेस्टिंगमधली जुनी युक्ती आहे. २,४९९, २,५०० आणि २,५०१ अशी तीन बिलं केली की असले बग आपोआप हाती लागतात. मधल्या १,८०० किंवा २,२०० च्या आकड्यांवर शंभर बिलं केली असती तरी काही दिसलं नसतं.

प्रोग्रामरनं दुरुस्ती पाठवली. मी तीच चादर, तीच किंमत, तोच ग्राहक घेऊन बिल केलं, कर १२५ आला. हे रिटेस्टिंग. मग आजूबाजूच्या किमतींची आणखी दहा बिलं केली, सगळी बरोबर आली, आणि रिलीजच्या (नवी आवृत्ती ग्राहकाला देण्याच्या) कागदावर ‘रिग्रेशन पूर्ण’ असं लिहून टाकलं.

दसरा झाल्यावर कारखान्यातल्या मुनीमजींचा फोन आला. “मॅडम, नवी बिलं एकदम बरोबर येतायत. पण परत आलेल्या मालाचं बघा की जरा. आपण बारा टक्क्यानं बिल केलतं, आता वजा होताना पाचानं होतंय.”

१० सप्टेंबरला विकलेली १,४०० रुपयांची चादर. तेव्हा तिच्यावर १६८ रुपये कर घेतला होता. ती ऑक्टोबरमध्ये परत आली, तर क्रेडिट नोटमध्ये (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणाऱ्या कागदात) मूळ बिलाचाच दर लागला पाहिजे, म्हणजे १६८ च वजा व्हायला हवेत. सॉफ्टवेअर ७० वजा करत होतं. झालं असं होतं की दर शोधणाऱ्या त्या फंक्शनला (प्रोग्रामच्या तुकड्याला) हात लावलाच आहे तर जरा नीटनेटकं करू, म्हणून प्रोग्रामरनं तारखेची अट जागेवरून हलवली होती. बिलाच्या तारखेऐवजी आजची तारीख बघितली जात होती. माझी दहाही बिलं आजच्याच तारखेची होती, ती चुकणार कशी? मी केलं ते फार तर ऐसपैस रिटेस्टिंग होतं. रिग्रेशनचा त्यात पत्ता नव्हता.

आमच्या घरी माग होता, त्यामुळे मला हा फरक मागावरच नीट समजतो. ताण्याचा धागा तुटला की विणकर गाठ मारतो आणि हलकेच ओढून बघतो. गाठ धरली का, एवढाच प्रश्न. हे रिटेस्टिंग. आता जॅकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राचा, पत्ता फाटला असं समजा. एक पत्ता म्हणजे बाण्याच्या एका फेरीचा हुकूम: कुठला धागा वर उचलायचा, कुठला खाली ठेवायचा, हे त्याच्यावरची भोकं ठरवतात. (कॉम्प्युटरच्या पंचकार्डांची आजी हीच, म्हणून सोलापूरच्या माणसानं सॉफ्टवेअरला बिचकायचं कारण नाही.) नवा पत्ता माळेत ओवला, मागावर ती ओळ बरोबर उमटली, म्हणजे पत्ता ठीक आहे. पण ओवताना शेजारच्या दोन पत्त्यांची अदलाबदल झाली असेल तर? ते त्या ओळीत दिसत नाही. नक्षीचा पूर्ण फेरा विणून होईपर्यंत थांबावं लागतं, आणि मग मोराची मान सरकलेली दिसते. रिग्रेशन म्हणजे तो पूर्ण फेरा बघणं.

म्हणून या दोन कामांची सुरुवातच वेगळ्या ठिकाणी होते. रिटेस्टिंग नापास झालेल्या टेस्टवर करायचं, रिग्रेशन आधी पास झालेल्यांवर. कुठला बग निघेल हे आधी ठाऊक नसतं, त्यामुळे रिटेस्टिंगची यादी आगाऊ करता येत नाही. रिग्रेशनची यादी मात्र आधीपासून तयार असलीच पाहिजे, कारण रिलीजच्या आदल्या रात्री कुणालाच सगळं आठवत नाही. आयएसटीक्यूबी या टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या अभ्यासक्रमात रिटेस्टिंगला कन्फर्मेशन टेस्टिंग असंही नाव आहे. मुलाखतीत हा शब्द आला तर घाबरू नका, वस्तू तीच.

रिटेस्टिंगचं फार काही सांगण्यासारखं नाही, पण दोन ठिकाणी लोक घसरतात. एक, दुरुस्ती कुठल्या बिल्डमध्ये (सॉफ्टवेअरच्या तयार आवृत्तीत) आहे हे न बघता जुन्याच बिल्डवर तपासतात किंवा ब्राउझरमध्ये जुनं पान साठलेलं असतं. दोन, जुन्या बिल्डवर बग दिसतो का, याची आधी खात्रीच करत नाहीत. जो बग तुम्हाला पुन्हा घडवताच आला नव्हता, तो नव्या बिल्डवर दिसला नाही यातून काहीच कळत नाही. आणि एकदा लाल (नापास) आलेली टेस्ट काही न बदलता परत चालवून हिरवी (पास) करून घेणं, याला रिटेस्टिंग म्हणत नाहीत. तो नशिबाचा खेळ.

रिग्रेशनमध्ये खरी डोकेदुखी म्हणजे काय काय तपासायचं हे निवडणं. सगळंच तपासू म्हणणारा दिवाळीपर्यंत तपासतच राहील. मी आता प्रोग्रामरला ‘काय दुरुस्त केलंस’ एवढ्यावर सोडत नाही, ‘कुठल्या कुठल्या फाइलला हात लावलास’ हेही विचारते. मग त्या फंक्शनला आणखी कोण कोण हाक मारतं ते शोधायचं. आमच्या दर शोधणाऱ्या फंक्शनला बिल, क्रेडिट नोट, कोटेशन आणि महिन्याचा विक्री अहवाल असे चौघं हाक मारत होते. मी फक्त पहिल्याच्या घरी जाऊन आले होते. ‘एकच ओळ बदलली आहे मॅडम’ हे वाक्य ऐकलं की आता मी उलट जास्त वेळ मागते. सॉफ्टवेअरवर लिहिणारे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की एक दोष काढताना नवा दोष आत येण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते. आणि १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटीअँडटीची लांब पल्ल्याची फोनसेवा सुमारे ९ तास कोलमडली, तीही ११४ स्विचेसवर (फोन जोडून देणाऱ्या यंत्रांवर) टाकलेल्या एका सुधारणेमुळे. स्विच बंद पडल्यावर लवकर सावरावं म्हणून केलेला बदल होता तो!

मुनीमजींच्या त्या फोननंतर मी एक वही केली. वही म्हणजे खरं तर एक्सेल. कारखान्याच्या जुन्या बिलांतून ४० बिलं निवडली, प्रत्येकाचं बरोबर उत्तर मुनीमजींकडून हातानं तपासून घेतलं. एक पुण्याचं, ज्यात सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) अडीच-अडीच टक्के. एक हैदराबादचं, ज्यात सरळ आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा) पाच. एक परतीचं, एक रद्द केलेलं, एक रुपयाच्या राउंड-ऑफचं. प्रत्येक नव्या बिल्डवर ही चाळीस बिलं एक छोटी स्क्रिप्ट (लहानसा प्रोग्राम) चालवते आणि जुन्या उत्तराशी ताडून बघते. महागडं टूल नाही. प्रत्येक बगचं रिटेस्टिंग आटोपलं की ते बिलही याच वहीत जातं. आजचं रिटेस्टिंग उद्याचं रिग्रेशन होतं ते असं.

वहीतली टेस्ट लाल झाली म्हणजे बगच आहे, असंही नाही. १,१७५ रुपयांच्या ४० चादरी हैदराबादला पाठवल्या तर माल ४७,००० चा. जुन्या १२ टक्क्यांनी बिल ५२,६४० होतं, नव्या ५ टक्क्यांनी ४९,३५०. राज्याबाहेर ५०,००० रुपयांच्या वर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं आणि ती रक्कम करासकट मोजतात. म्हणजे ई-वे बिलाच्या कोडला कुणी बोटही लावलं नाही, तरी त्या बिलाचं उत्तर ‘लागेल’ वरून ‘लागणार नाही’ असं बदललं. आणि ते बरोबर होतं. इथं बदलायचं ते वहीतलं उत्तर. मात्र ते मी एकटीनं बदलत नाही. मुनीमजींना विचारते, त्यांनी हो म्हटलं की तारीख टाकून बदलते. नाहीतर लाल दिसलं की उत्तर बदल, ही सवय लागते आणि वही शोभेची होते.

दुसरा धोका उलटा: वही कायम हिरवी राहण्याचा. आपल्याकडचा कुठलाही डाळिंबवाला सांगेल, एकच औषध सतत फवारलं की काही दिवसांनी कीड त्याला दाद देत नाही. टेस्टिंगवर लिहिणारे बोरिस बायझर यांनी टेस्टिंगमधल्या याच प्रकाराला ‘पेस्टिसाइड पॅराडॉक्स’ म्हटलं. त्याच त्या टेस्ट त्याच त्या जागा बघतात, बग दुसरीकडे राहायला जातात. म्हणून दर महिन्याला मी वहीतली एकमेकांसारखी दोन-तीन बिलं काढते आणि नवी घालते. मागच्या खेपेला मुनीमजींनीच एक दिलं: २,६०० ची चादर, बिलातच ५ टक्के सूट, म्हणजे २,४७० ला विकलेली. दर ठरवायचा तो सूट वजा जाता आलेल्या किमतीवर, म्हणजे ५ टक्के. आमचं सॉफ्टवेअर १८ दाखवत होतं. प्रोग्रामरला बग पाठवला आहे. दुरुस्ती आली की आधी हे एक बिल, मग बाकीची चाळीस.