ब्लेरिओ ११ चं किट जोडायला घेण्याआधी, आणि दोरे ताणण्याआधी तर नक्कीच

आमच्याकडून ब्लेरिओ ११ या जुन्या फ्रेंच विमानाच्या मॉडेलचं लाकडी किट नेणाऱ्या बहुतेकांचा पहिला फोन ठरलेला असतो: “खोक्यात एलेरॉन टाकायचे राहिलेत.” (एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे, विमानाचा तोल सावरणारे हलते भाग.) काही दिवसांनी दुसरा येतो: “वैमानिकाचा दांडा हलवतोय, पण पंख हलत नाही.” पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, तर दुसऱ्या फोनची वेळच येत नाही. म्हणून हे पत्रक. सूचनापुस्तिका वाचली नाहीत तरी चालेल, पण एवढं वाचा.

एलेरॉन खोक्यात नाहीत, कारण मूळ विमानालाच नव्हते. २५ जुलै १९०९ ला लुई ब्लेरिओ ज्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून गेला, त्यात तोल सावरायला अख्खा पंखच पिळला जायचा. एका पंखाची मागची कड खाली ओढली की दुसऱ्याची वर जायची. युक्ती राइट बंधूंची. गंमत अशी की, ब्लेरिओच्या आठव्या नमुन्यात पंखांच्या टोकांना फिरते भाग होते, म्हणजे एलेरॉनच म्हणा ना. ऑगस्ट १९०८ मध्ये विल्बर राइटने फ्रान्समध्ये ल मांजवळ प्रात्यक्षिकं केली. ती बघायला ब्लेरिओ स्वतः हजर होता, आणि अकराव्या नमुन्यात पिळणारा पंख आला. तेव्हा “आम्हीच एलेरॉन कापून लावू का?” असं विचारणाऱ्यांना आमचं उत्तर: विमान तुमचं आहे, पण मग त्याला ब्लेरिओ ११ म्हणू नका.

चूक होते ती इथे

पंखात दोन स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य काठ्या, आहेत. पुढचा जाड स्पार धडाच्या खोबणीत घट्ट बसतो. तो बिनधास्त चिकटवा. मागचा बारीक स्पार फक्त एका पिनेवर टेकतो. तो वर-खाली हललाच पाहिजे, तिथे गोंद नको. बहुतेकांना एवढं जमतं. घोळ होतो तो मागच्या वरच्या दोऱ्यात.

वैमानिकाच्या पुढे धडावर नळ्यांची एक तिवई उभी आहे. पुढच्या स्पारचे वरचे दोरे या तिवईला बांधून, गाठ मारून, थेंबभर गोंद लावून संपतात. मागच्या स्पारचा दोरा मात्र अखंड आहे. तो डाव्या पंखातून निघतो, तिवईच्या माथ्यावरच्या पितळी कडीतून सरकत जातो आणि उजव्या पंखाला बांधला जातो. त्या स्पारचे खालचे दोरे धडाखालच्या उलट्या तिवईतल्या डुलणाऱ्या पट्टीला जातात, आणि पट्टी दांड्याला जोडलेली असते. दांडा कलवला की पट्टी एका पंखाची मागची कड खाली खेचते, वरचा दोरा कडीतून सरकतो आणि दुसऱ्या पंखाची कड आपोआप उचलली जाते.

आता होतं काय, की बाकीचे सगळे दोरे बांधून हाताला सवय झालेली असते. त्याच ओघात हाही दोरा मध्ये कापून दोन्ही तुकडे कडीला बांधले जातात, किंवा तो कापला नाही तरी “सुटू नये म्हणून” कडीवर फेविक्विकचा एक थेंब टाकला जातो. संपलं. दोन्ही पंख तिथेच जखडले. मग दांड्यावर जोर दिला जातो, खालचा दोरा तुटतो किंवा रिब (पंखाची फासळी) चिरते, आणि विमान वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्याकडे येतं.

ते सोडवायचं म्हणजे बारीक ब्रशने अ‍ॅसिटोन लावत बसायचं. अ‍ॅसिटोन पंखाच्या कापडावर ओघळलं तर त्यावरचं व्हार्निश उठतं, मग ते कापड काढून नवं चढवावं लागतं. या कामाचे आम्ही वेगळे पैसे घेतो आणि काही ग्राहकांना ते रुचत नाही. पण नवा पंख बांधण्यापेक्षा चिकटलेला पंख सोडवायला जास्त वेळ जातो, हे आमच्या टेबलाशी दहा मिनिटं बसलेल्या कोणालाही पटतं. या बघायला, चहाही मिळेल.

बरोबर पद्धत साधी आहे. दांडा सरळ उभा ठेवून त्याला पुढे-मागे दोन चिमटे लावा म्हणजे तो हलणार नाही. अखंड दोरा आधी डाव्या पंखाला बांधा, कडीतून ओवा, उजव्या पंखाला नुसता एक वेढा द्या. चिमटे काढा, दांडा दोन्हीकडे पुरता कलवून बघा आणि मगच शेवटची गाठ मारा. दोरा सरळ दिसला पाहिजे, पण बोटाने छेडल्यावर वाजता कामा नये. वाजला तर जास्त ताणलाय. घरातला शिवणाचा सुती दोरा वापरू नका. पावसाळ्यात तो दमटपणाने आखडतो आणि बाल्साच्या रिबा वाकवतो. खोक्यातला पॉलिएस्टरचा दोरा याच कारणासाठी दिलेला आहे, आणि तो गरजेपेक्षा जास्तच दिलाय.

वरचे दोरे शोभेचे नाहीत

“विमान हवेत असताना पंख वर ढकलला जातो, मग वरून बांधायचा कशाला?” हा प्रश्न इंजिनिअरिंगची मुलं विचारतात, आणि चांगला विचारतात. जमिनीवर पंखांचा भार वरच्या तारा पेलतात, हे त्याचं सोपं उत्तर. खरं उत्तर जरा भीषण आहे. या विमानाला मूळच्या पंचवीस अश्वशक्तीच्या जागी पन्नासचं नोम इंजिन बसवून लिऑं दलाग्रांज उडत होता. जानेवारी १९१० मध्ये बोर्दोजवळ पंख मोडून त्याचा जीव गेला. त्याच सप्टेंबरात जॉर्ज चावेझने ब्लेरिओतून आल्प्स ओलांडले, पण दोमोदोस्सोलाला उतरता उतरता विमान कोसळलं आणि तो काही दिवसांनी वारला. १९१२ मध्ये खुद्द ब्लेरिओने फ्रेंच सरकारला अहवाल दिला: विमान झटकन खाली झुकवलं तर हवेचा दाब पंखांवर वरूनही येऊ शकतो, तेव्हा वरच्या तारा अधिक मजबूत हव्यात. फ्रेंच सैन्याने एकपंखी विमानं काही काळ जमिनीवर ठेवली. आपल्याच मालातला दोष असा लेखी मांडणारा कारखानदार विरळा, असं आमचं मत.

“फोटोतलं विमान वेगळं दिसतं”

दिसणारच. ब्लेरिओ ११ हे एक विमान नाही, एक घराणं आहे. पहिला नमुना २३ जानेवारी १९०९ ला पॅरिसबाहेर इस्सी-ले-मुलिनोच्या मैदानावर उडाला, तेव्हा त्याला आर.ई.पी. बनावटीचं इंजिन होतं. आराखड्यात रेमों सोल्निए या इंजिनिअरचा मोठा हात. पुढे मोरान-सोल्निए कंपनीतलं सोल्निए ते हेच. त्यानंतर इंजिन बदलून आंझानीचं तीन सिलिंडरचं आलं. आमचं किट या खाडीवाल्या नमुन्याचं आहे. इंटरनेटवर सापडणाऱ्या पुष्कळ फोटोंत गोल नोम इंजिन दिसतं, ती नंतरची विमानं. दोन माणसांचं ११-२ आणखी वेगळं. फोटो पाठवण्याआधी नाकावरचे सिलिंडर मोजा: पंख्यासारखे पसरलेले तीन असतील तर ते आमचं. मूळ विमान पॅरिसच्या आर्ट्स ए मेतिए संग्रहालयात आहे. कोणी नातेवाईक तिकडे असतील तर त्यांना मागचा दोरा कडीतून कसा जातो त्याचा फोटो काढायला सांगा.

धडाच्या मागच्या अर्ध्या भागाला कापड नाही, हीसुद्धा तक्रार नाही, तसंच ते होतं: अ‍ॅश लाकडाची चौकट आणि तारांच्या फुल्या. कापड कमी पडलं म्हणून आम्ही वाचवलेलं नाही. रंगही नाही, नुसता फिकट पिवळसर. हौस असेल तर इंजिनामागे थोडे तेलाचे डाग पाडा; आंझानी इंजिन चालताना वैमानिकावर तेल उडवायचं.

आकाराबद्दल: मूळ पंखांची रुंदी ७.७९ मीटर, लांबी ७.६२. आमचं प्रमाण १:१६, म्हणजे पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत साधारण ४९ सेंटिमीटर. शोकेसची काच सरकवण्याआधी मोजून घ्या. मॉडेल उडत नाही. “रबर बँड लावला तर?” तरीही नाही.

भेट म्हणून घेताय?

मग थोडा इतिहास सोबत द्या. ब्लेरिओ मूळचा मोटारींचे अ‍ॅसिटिलीन दिवे बनवणारा, त्या कमाईतून विमानं बांधणारा. पाण्यावरची, शेपूट पुढे असलेली, एकामागे एक पंखांची, असे नमुने करत करत तो अकराव्याला पोचला. भाजलेला पाय घेऊन, होकायंत्राशिवाय, पहाटे ४:४१ ला तो कॅलेजवळून निघाला आणि सुमारे ३७ मिनिटांत डोव्हरच्या किल्ल्याजवळ आदळत उतरला. चाकांचा सांगाडा आणि पंखा मोडला, पण ‘डेली मेल’चं हजार पौंडांचं बक्षीस मिळालं, आणि वर्षअखेरपर्यंत शंभराहून जास्त विमानांच्या ऑर्डरी. पुढे त्याने दपेरद्युसँची बुडालेली कंपनी घेतली. पहिल्या महायुद्धातली स्पॅड ही लढाऊ विमानं तिथलीच.

मुंबईकरांसाठी एक धागा जवळचा आहे. जेआरडी टाटांच्या कुटुंबाचं फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्दलोला घर होतं आणि शेजारी ब्लेरिओंचं. विमानांचं वेड त्यांना तिथे लागलं. १९२९ मध्ये भारतातला क्रमांक एकचा वैमानिक परवाना त्यांनी मिळवला. टाटांच्या कंपन्यांतून निवृत्त होणाऱ्यांना हे मॉडेल देण्याची टूम त्यातूनच निघाली असावी. पितळी पट्टीवर नाव कोरून हवं असेल तर ऑर्डर देतानाच मजकूर मराठीत लिहून द्या, फोनवर सांगू नका.

मात्र अलाहाबादची टपाल घेऊन जाणारं विमान म्हणून ब्लेरिओ मागू नका. १८ फेब्रुवारी १९११ ला आंरी पेके ज्यातून यमुनेपलीकडे नैनीला टपाल घेऊन गेला, ते हंबर-सॉमर बनावटीचं दुहेरी पंखांचं विमान होतं. शाळांच्या प्रकल्पांसाठी ही गल्लत वारंवार होते, आणि सील फोडलेलं किट आम्ही परत घेत नाही. सॉमरचं किट सध्या तयार नाही. हवं असल्यास नाव नोंदवून ठेवा.

पहिलंच मॉडेल असेल आणि हात बसला नसेल, तर “पंख जोडून” असलेलं किट घ्या. थोडं महाग पडतं, पण मागचा दोरा आम्ही ओवून, दांडा चालवून बघून देतो. तुम्हाला धड, शेपूट आणि चाकं राहतात. स्वतःच जोडणार असाल आणि दोरा कापला गेलाच, तर जोर लावू नका, गोंद लावू नका, तसंच ठेवून आम्हाला कळवा. दोरा आणि कडी टपालाने फुकट पाठवतो. पंख मात्र विकत घ्यावा लागतो.